मेमरीच्या मागे लागलेला माणूस

सेकंड इयरला एक प्रश्न पेपरात हमखास यायचा: व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर आकृतीसह स्पष्ट करा. चार चौकोन काढायचे, मध्ये बाण मारायचे, खाली दोन ओळी लिहायच्या आणि पाच मार्क खिशात टाकायचे. मीही तेच केलं. हा व्हॉन न्यूमन कोण, कुठला, असं विचारावंसंही कधी वाटलं नाही. त्याची खरी ओळख झाली ती २००५ साली, हॉस्टेलच्या खोलीत, सबमिशनच्या आदल्या रात्री, एका रॅमच्या पट्टीमुळे.

आमच्या खोलीत तिघांनी वर्गणी काढून घेतलेला एक असेंबल्ड पीसी होता. मेमरी २५६ एमबी, डीडीआर ३३३ जातीची. ती पुरेना म्हणून कुठून तरी तशीच दुसरी जुनी पट्टी आणून बसवली. वर माझ्या अंगात ओव्हरक्लॉकिंगचं वारं शिरलेलं. बायोसमध्ये जाऊन बसचा वेग १६६ वरून १९० मेगाहर्ट्झ केला. मशीन चालू झालं, गाणी वाजली, गेम सुसाट पळाले. दोन दिवस मी विंगमध्ये कॉलर ताठ करून फिरलो. मग प्रोजेक्टचं सगळं सामान झिप करून सीडीवर टाकलं आणि लॅबमध्ये उघडायला गेलो, तर सीआरसी एरर. खोलीत येऊन मूळ फाइल उघडली, तिथेही कचरा. फ्लॉपीवरून मेमटेस्ट लावलं तर स्क्रीन लाल ओळींनी भरून गेला. आमच्या बोर्डावर बसचा वेग वाढवला की मेमरीचाही आपोआप वाढायचा. प्रोसेसर तग धरून होता, मेमरी मात्र गुपचूप चुकीचे बिट परत देत होती. गंमत म्हणजे तीच पट्टी शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या चिपसेटच्या बोर्डावर, नेमून दिलेल्या वेगाने, रात्रभर एकही चूक न करता चालली.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं खरं सांगितलं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की तुझ्या आधी पन्नास वर्षं व्हॉन न्यूमनलाही हीच डोकेदुखी झाली होती, जमलं तर वाच. मी लायब्ररीत गेलो आणि वाचत सुटलो. आज मी शिक्षक म्हणून याच विषयाच्या वर्गावर उभा राहतो, तेव्हा चार चौकोन काढायच्या आधी या माणसाची गोष्ट सांगतो. तीच इथे लिहितो आहे.

मित्रांनो, त्याचं मूळ हंगेरियन नाव नॉयमान यानोश. जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. १९१३ साली त्यांना सरदारकी मिळाली, त्यातून पुढे नावात ते 'व्हॉन' आलं. पोरगा लहानपणापासून अचाट. एकदा वाचलेलं पान त्याच्या डोक्यात छापल्यासारखं राहायचं. घरी पाहुणे आले की टेलिफोन डिरेक्टरीचं पान वाचून तो नावं आणि नंबर पाठ म्हणून दाखवायचा असं सांगतात. पुढे नोबेल मिळवणारा युजीन विग्नर शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे होता.

त्याला गणित करायचं होतं. वडिलांचं मत मात्र आपल्याकडच्या वडिलांसारखंच: गणितात पोट भरत नाही, काहीतरी उपयोगाचं शीक. मग तडजोड झाली. त्याने झुरिकच्या तांत्रिक विद्यापीठातून केमिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि शेजारून बुडापेस्टला गणितात डॉक्टरेटसाठी नाव घातलं. बुडापेस्टला तो वर्गात बसायचा नाही, परीक्षेपुरता उगवायचा. (अटेंडन्सचा नियम तिथे नव्हता, तेव्हा हे उदाहरण कुणी रेक्टरांना देऊ नये.) १९२६ साली बाविसाव्या वर्षी दोन्ही पदव्या हातात. म्हणजे हा गणितज्ञ कागदोपत्री आपल्याच जातीचा, इंजिनिअर होता.

पुढची काही वर्षं त्याने जर्मनीत काढली. क्वांटम मेकॅनिक्सला पक्का गणिती पाया देणारं त्याचं पुस्तक १९३२ साली आलं. १९३० पासून त्याचं अमेरिकेत प्रिन्स्टनला जाणं-येणं सुरू झालं होतं आणि १९३३ साली तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी या नव्या संस्थेत तो पहिल्या प्राध्यापकांपैकी एक झाला. आइन्स्टाइन त्याच संस्थेत. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला, आणि ज्यू घरात जन्मलेल्या व्हॉन न्यूमनला परतीचा रस्ता उरला नाही. १९३७ साली तो अमेरिकेचा नागरिक झाला.

माणूस मात्र पुस्तकी किडा नव्हता. त्याच्या घरच्या पार्ट्या प्रिन्स्टनभर प्रसिद्ध. अंगात कायम सूट. गोंगाटात त्याचं डोकं जास्त चालायचं. गाडी इतकी वाईट चालवायचा की अपघात ही नेहमीची बाब. पहिलं लग्न मोडलं, त्यातून मरीना नावाची मुलगी. १९३८ साली क्लारा डान हिच्याशी दुसरं लग्न केलं. ही क्लारा पुढे जगातल्या पहिल्या प्रोग्रामरांपैकी एक झाली.

दुसरं महायुद्ध आलं आणि १९४३ पासून तो लॉस अ‍ॅलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचा सल्लागार झाला. प्लुटोनियमचा गोळा चारही बाजूंनी एकसारखा दाबायचा कसा, याच्या गणितात त्याचा मोठा वाटा होता. नागासाकीवर ९ ऑगस्ट १९४५ ला पडलेला बॉम्ब याच पद्धतीचा. बॉम्ब टाकायला कुठली शहरं निवडायची हे ठरवणाऱ्या समितीतही तो होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. पण माणूस सांगायचा तर पुरा सांगितला पाहिजे.

या गणितांना बेसुमार आकडेमोड लागायची. १९४४ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबरडीन नावाच्या स्टेशनच्या फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन हा सैन्यातला तरुण गणितज्ञ त्याला भेटला आणि फिलाडेल्फियात चाललेल्या एनिअ‍ॅक या यंत्राबद्दल बोलला. त्या गप्पांनी व्हॉन न्यूमनच्या आयुष्याची दिशा बदलली.

एनिअ‍ॅकमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. हिशेबात ते त्या काळच्या मानाने वीज होतं. पण लक्षात किती ठेवायचं? दहा-दहा अंकी फक्त २० संख्या. आणि प्रोग्राम? तो मेमरीत नव्हताच. नवं गणित घालायचं तर वायरी उपसून पुन्हा लावायच्या, स्विच फिरवायचे, त्यात दिवसच्या दिवस जायचे. म्हणजे गणित करणारा हात चपळ, पण डोक्यात काही राहत नाही, अशी गत.

एनिअ‍ॅकचे जनक एकर्ट आणि मॉकली यांनाही हे दिसत होतं. रडारसाठी वापरात असलेली एक युक्ती एकर्टने मेमरीसाठी वळवली. पाऱ्याने भरलेल्या नळीत एका टोकाने ध्वनीचे ठोके सोडायचे, दुसऱ्या टोकाला पकडून परत पहिल्या टोकाला आणायचे. ठोके फिरत राहतात तोवर माहिती जिवंत. या मेमरीवर पुढचं यंत्र, एडव्हॅक, बांधायचं ठरलं. व्हॉन न्यूमन या चर्चांमध्ये सामील झाला आणि त्याने सगळ्याचं सार लिहून काढलं. तो १०१ पानी मसुदा जून १९४५ मध्ये बाहेर पडला. आकडे आणि सूचना दोन्ही एकाच मेमरीत ठेवायचे, हे त्यात इतक्या स्वच्छ तर्काने मांडलं होतं की वाचणारा प्रत्येक जण यंत्र बांधायला निघाला. आपले पाच मार्कांचे चौकोन तिथून आले.

पण त्या मसुद्यावर नाव एकट्या व्हॉन न्यूमनचं होतं. गोल्डस्टाइनने तो तसाच वाटला. एकर्ट-मॉकली भडकले, आणि बरोबरच होतं त्यांचं. कल्पना जाहीर झाल्यामुळे तिच्यावर पेटंट घेण्याची त्यांची वाटही बंद झाली. ग्रुप प्रोजेक्टच्या रिपोर्टवर एकाचंच नाव छापून आलं तर काय होतं, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. व्हॉन न्यूमनने नाव मुद्दाम लाटलं असं मी म्हणणार नाही, मसुदा अर्धवटच होता. पण ते नाव दुरुस्त करण्याची धडपडही त्याने केली नाही. आजही आपण व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर म्हणतो आणि एकर्टचं नाव वर्गातल्या चौघांनाही ठाऊक नसतं.

आता खरी कसोटी. कागदावर चौकोन काढणं सोपं, त्यातल्या मेमरी नावाच्या चौकोनात घालायचं काय? युद्धानंतर प्रिन्स्टनच्या संस्थेत त्याने स्वतःचं यंत्र बांधायला घेतलं. संस्थेतल्या कित्येक विद्वानांना सोल्डरिंग करणारी माणसं आपल्या आवारात नको होती. त्यामुळे सुरुवातीला इंजिनिअर मंडळी तळघरात, बॉयलरच्या शेजारी. मुख्य इंजिनिअर जुलियन बिगेलो.

पाऱ्याची नळी व्हॉन न्यूमनला नको होती. तिच्यात हवा तो आकडा फिरून टोकाशी येईपर्यंत थांबावं लागतं. त्याला हवा तो आकडा, हवा तेव्हा, लगेच हवा होता. म्हणजे आज आपण ज्याला रॅम म्हणतो ते. जवळच असलेल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत यान राखमान हा सिलेक्ट्रॉन नावाची खास ट्यूब बनवत होता. एका ट्यूबमध्ये ४,०९६ बिट मावतील असा अंदाज. त्या भरवशावर आराखडा झाला. यंत्राचा हिशेबी भाग आकार घेऊ लागला, पण सिलेक्ट्रॉन काही येईना. शेवटी आली ती २५६ बिटांची, तीही फार उशिरा. बोर्ड तयार आणि त्यावर बसेल अशी मेमरीच बाजारात नाही, असा हा प्रकार.

मार्ग सापडला इंग्लंडमध्ये. मँचेस्टरला फ्रेडरिक विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांनी ऑसिलोस्कोपच्या साध्या पिक्चर ट्यूबवर बिट साठवून दाखवले होते. पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारला की तिथे विद्युतभाराचा ठिपका उमटतो. तो क्षणात विरतो, म्हणून सतत वाचून पुन्हा लिहीत राहायचं. आपल्या डीरॅमचं रिफ्रेश ते हेच. १९४८ साली बिगेलो मँचेस्टरला जाऊन ते बघून आला आणि जेम्स पॉमरीन या तरुण इंजिनिअरने प्रिन्स्टनला ती मेमरी उभी केली. ३२ गुणिले ३२ म्हणजे एका ट्यूबवर १,०२४ ठिपके, अशा ४० ट्यूब. ४० बिटांच्या शब्दातला एकेक बिट एकेका ट्यूबमधून एकाच वेळी उचलायचा. जुन्या डीडीआर पट्टीवरच्या आठ चिप मिळून ६४ बिट देत, तसंच. एकूण मेमरी किती? पाच किलोबाइट. आज मोबाइलमधल्या एका बारक्या फोटोलाही ती पुरायची नाही.

आणि त्या ट्यूबचे नखरे! या ट्यूब मेमरीसाठी बनवलेल्याच नव्हत्या, त्यांच्याकडून नेमून दिल्यापेक्षा जास्त काम काढून घेतलं जात होतं. पडद्यावर एक बारीक डाग असला तरी तिथला बिट गेला. म्हणून ढिगाने ट्यूब तपासायच्या आणि त्यातल्या मोजक्या निवडायच्या. आज ओव्हरक्लॉकर मंडळी चांगल्या चिप निवडून घेतात, त्याची ही आजी. बाहेरचा विद्युत गोंगाट आत शिरू नये म्हणून धातूचं आवरण घालावं लागे. सगळ्यात छळणारा दोष वेगळाच: एकच ठिपका पुन्हापुन्हा वाचला की त्याच्या शेजारचे ठिपके बिघडायचे. म्हणून एका पत्त्यावर फार वेळा जायचं नाही, असा प्रोग्राम लिहावा लागे. हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? २०१४ साली संशोधकांनी दाखवून दिलं की डीडीआर ३ मेमरीत एकच ओळ वारंवार उघडली की शेजारच्या ओळीतले बिट उलटू शकतात. त्याला रोहॅमर म्हणतात. साठ वर्षांनी तेच दुखणं, नव्या अंगात.

यंत्र १९५१ साली चालू लागलं आणि १० जून १९५२ ला त्याचं रीतसर उद्घाटन झालं. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी यात एक मजा आहे. सगळ्या यंत्राला हाकणारं एक घड्याळच त्यात नव्हतं. एक पायरी पूर्ण झाली की ती पुढच्या पायरीला जागं करायची. म्हणजे वेग वाढवायला बायोसमध्ये आकडा बदलायची सोय नाही, प्रत्येक भाग जितक्या लवकर खात्रीने काम उरकेल तितकाच वेग. आणि खात्री पटावी म्हणून एकच गणित दोनदा चालवून उत्तरं जुळतात का बघायचे. १९५२ च्या जानेवारीत त्याने कॅलिफोर्नियात व्याख्यानं दिली, त्यांचा विषयही हाच: बेभरवशाच्या सुट्या भागांतून भरवशाचं यंत्र कसं बांधायचं. एकच काम अनेक भागांना द्यायचं आणि बहुमताने उत्तर ठरवायचं, हा त्याचा मार्ग. चुका होणारच हे धरून रचना करायची, ही दृष्टी मला त्या चार चौकोनांपेक्षा मोठी वाटते. ती माझ्याकडे असती तर झिप करण्याआधी मी मेमटेस्ट लावलं असतं.

त्या यंत्रावर पहिलं मोठं काम झालं ते हायड्रोजन बॉम्बचं. हवामानाचा संगणकी अंदाज हीही व्हॉन न्यूमनचीच हौस. १९५० साली त्याच्या गटाने एनिअ‍ॅकवर असा पहिला अंदाज काढला, तेव्हा २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले होते. संहार आणि पाऊस-पाणी, दोन्हींचं गणित एकाच माणसाच्या टेबलावर.

एक गोष्ट मात्र त्याने मनापासून केली. प्रिन्स्टनच्या यंत्राचे अहवाल आणि आराखडे त्याने सगळ्यांना खुले केले. त्यावरून जगभर भावंडं जन्मली: लॉस अ‍ॅलामॉसला मेनिअ‍ॅक, इलिनॉयला इलिअ‍ॅक, सिडनीला सिलिअ‍ॅक, इस्रायलमध्ये वायझॅक. रँड संस्थेने तर आपल्या यंत्राला त्याच्याच लाडक्या नावावरून जॉनिअ‍ॅक म्हटलं. मजा अशी की या सख्ख्या भावंडांत एकमेकांचे प्रोग्राम सहसा चालत नसत. ऑर्डव्हॅक आणि इलिअ‍ॅक ही जुळी सोडली, तर प्रत्येकाने आपापल्या सोयीने बदल केलेले. मेमरीही वेगवेगळी: कुठे विल्यम्स ट्यूब, कुठे फिरता ड्रम, तर जॉनिअ‍ॅकमध्ये सुरुवातीला तीच उशिरा आलेली सिलेक्ट्रॉन. आराखडा एक, बोर्ड वेगळं. माझी पट्टी शेजारच्या खोलीत चालली आणि माझ्याकडे नाही, त्याचंच हे मोठं रूप.

यातलं एक भावंडं आपल्या मुंबईत होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने प्रिन्स्टनच्या वळणावर टिफ्रॅक बांधला. आधी १९५६ साली एक छोटं प्रायोगिक यंत्र चालवून पाहिलं, मग मोठं यंत्र १९६० साली कामाला लागलं. नाव पंडित नेहरूंनी दिलं. आपल्या माणसांनी त्यात विल्यम्स ट्यूब वापरल्या नाहीत. तोवर फेराइटच्या बारीक कड्यांची कोअर मेमरी आली होती, तीच घेतली: ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे प्रिन्स्टनच्या दुप्पट. आराखडा उसना, पण मेमरीच्या बाबतीत शहाणपण स्वतःचं.

व्हॉन न्यूमनने टिफ्रॅक बघितला नाही. १९५५ साली तो अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा सदस्य झाला आणि त्याच उन्हाळ्यात खांदा दुखतो म्हणून तपासलं तर कर्करोग निघाला. १९५६ च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हातून पदक घेताना तो चाकाच्या खुर्चीत होता. मग वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटल. गुंगीत तो लष्करी गुपितं बोलून जाईल म्हणून शुश्रूषेला असणारी माणसंही तपासून नेमलेली. तशात तो संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्यानं लिहीत होता. ती अपुरीच राहिली आणि १९५८ साली पुस्तकरूपाने आली.

शेवटी त्याची बुद्धी त्याला सोडून जाऊ लागली. मुलगी मरीना हिला तो अगदी सोप्या बेरजा विचारायला सांगायचा, पहिलीतल्या पोराला विचारतात तशा, आणि त्याही चुकायच्या. ती खोलीबाहेर जाऊन रडायची. पण भाऊ उशाशी बसून गटेचं फाउस्ट वाचू लागला आणि पान उलटताना थांबला, की हा डोळे मिटून पुढच्या ओळी म्हणायचा. प्रोसेसर थकला होता, मेमरी शाबूत होती. ८ फेब्रुवारी १९५७ ला तो गेला. वय अवघं ५३.

आज डीडीआर ५ चा जमाना आहे. खाच वेगळ्या जागी असल्याने डीडीआर ४ च्या बोर्डात ती पट्टी बसतच नाही. पट्टीवर छापलेला वेग पुष्कळदा एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू केल्यावरच मिळतो, आणि तेही ओव्हरक्लॉकिंगच असतं, सगळी बोर्डं ते झेपवतीलच असं नाही. दोन वेगांच्या पट्ट्या जोडल्या की दोघींना हळू पट्टीच्या चालीने चालावं लागतं. खोलीत एखादं पोर नवीन मशीन जुळवताना दिसलं की मी तीनच गोष्टी सांगतो. बोर्डाच्या यादीत ती मेमरी आहे का बघ. आधी साध्या वेगावर रात्रभर तपास. मग हवा तेवढा वेग वाढव, आणि पुन्हा तपास.

आणि चौथी गोष्ट पेपरात ते चौकोन काढताना आठवायची. हिशेब करणारा चौकोन त्यांना लवकर जमला. सगळ्यांची वर्षं खाल्ली ती शेजारच्या चौकोनाने. तो काढताना एकर्ट, विल्यम्स, किलबर्न, बिगेलो, पॉमरीन यांची नावंही मनात घ्या. मार्क तेवढेच मिळतील, पण रिपोर्टवर सगळ्यांची नावं आल्याचं समाधान वेगळं असतं.